फेसबुक इव्हेंटचं कव्हर, म्हणजे पेजच्या माथ्यावरचं चित्र, पुन्हा कापलं!

गाण्याचा कार्यक्रम एकच, पण त्याचं चित्र किती वेळा नव्याने करायचं? इव्हेंट पेजला आडवं, १९२० बाय १००५ पिक्सेल. स्टोरीला उभं, १०८० बाय १९२०. चौकोनी पोस्ट आणखी वेगळी. आणि हातात काय, तर छपाईसाठी केलेलं ए-फोर पोस्टर, उभं, काठोकाठ मजकुराने भरलेलं! रुंदी भरायला ते मोठं केलं की वरून गायिकेचं कपाळ जातं, खालून तारीख आणि सभागृहाचं नाव. म्हणजे जे सांगायचं तेच गायब. ताणून बसवलेली चित्रं तर बघवत नाहीत. वर्षानुवर्षं रियाज केलेल्या माणसाचा चेहरा असा चपटा करून लोकांसमोर ठेवायचा? खरंच संताप होतो.

बरं, संगणकावर नीट दिसणारं कव्हर मोबाइलवर पुन्हा वेगळंच कापलेलं. त्यात आयोजकांचा फोन, ‘प्रायोजकांचा लोगो जरा मोठा करा ना!’ अहो, जागा कुठाय? तारीख, वेळ, पत्त्यासाठी पेजवर स्वतंत्र रकाने आहेत. कव्हरवर फोटो आणि नाव एवढंच ठेवा, मधोमध. आणि डिझायनरकडून मूळ फाइल मागून घ्या हो, फॉरवर्ड होत होत आलेली ती धूसर जेपीजी नको!