सर्व्हेच्या वेळी गाडीजवळ मालक असलाच पाहिजे

सर्वसाधारण विम्याच्या क्लेम विभागात माझी सगळी नोकरी इंदूरलाच झाली. निवृत्त झालो तरी रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर इथल्या ओळखीच्या मंडळींचे फोन येतच असतात. ‘काका, गाडी ठोकली गेली, वर्कशॉपला देऊन आलोय, कॅशलेस आहे,’ असे सांगताना त्यांच्या आवाजात सुटकेचा भाव असतो, आणि नेमकी मला त्याचीच काळजी वाटते. कॅशलेसची, म्हणजे कंपनीने तिच्या वाट्याचे पैसे थेट वर्कशॉपला देण्याची, सोय चांगली आहे, हातात रोख नसताना गाडी दुरुस्त होते, हे मला मान्यच आहे. परंतु या सोयीमुळे गाडीमालक स्वतःच्याच क्लेममध्ये तिऱ्हाईत होऊन बसला आहे, हे माझे स्पष्ट मत आहे आणि ते थोडे सविस्तर मांडावे म्हणून हे लिहीत आहे.

अपघातग्रस्त गाडीभोवती तिघांचे हितसंबंध असतात. वर्कशॉपची कमाई सुट्या भागांच्या विक्रीतून आणि मजुरीतून होते, त्यामुळे भाग दुरुस्त करण्यापेक्षा बदलण्याकडे त्याचा कल असणे स्वाभाविक आहे. सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान तपासून त्याची रक्कम ठरवणाऱ्याला, विमा नियामक प्राधिकरणाचा परवाना असतो आणि त्याने निःपक्षपाती राहावे अशीच कायद्याची अपेक्षा आहे. मात्र त्याची नेमणूक आणि त्याची फी दोन्ही विमा कंपनीकडून होतात. या दोघांच्या आकड्यांत जो फरक राहतो, तो भरतो मालक. असे असूनही एस्टिमेट तयार होताना आणि सर्व्हे चालू असताना हजर नसणारा एकमेव माणूस बहुधा मालकच असतो.

देवास नाक्याकडच्या कुठल्याही मोठ्या वर्कशॉपमध्ये सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास उभे राहिलात तर हे काम कसे चालते ते डोळ्यांनी दिसेल. सर्व्हिस ॲडव्हायझर छापील एस्टिमेटचे दोन-तीन कागद घेऊन येतो, सर्व्हेअर गाडीभोवती फिरून फोनवर फोटो काढतो, चॅसिस नंबर टिपतो, आणि मग बॉनेटवर कागद ठेवून एकेका ओळीपुढे ‘रिप्लेस’, ‘रिपेअर’ किंवा ‘नॉट अलाउड’ असे लिहीत जातो. दाराच्या चेंदलेल्या पत्र्यावर बोट ठेवून तो म्हणतो की हे डेंटिंगमध्ये निघेल, ॲडव्हायझर म्हणतो की बिजागरीची बाजू वाकली आहे, आणि दोन मिनिटांत काहीतरी ठरते. त्या दोन मिनिटांत मालक तिथे असेल तर तो एवढे तरी सांगू शकतो की धडक बसल्यापासून हे दार बंद करताना वर उचलावे लागते. ही माहिती फोटोत येत नाही. ती सांगणारा कोणी नसेल, तर दार ठोकून-रंगवून परत मिळते आणि पहिल्याच पावसात त्याच्या फटीतून पाणी आत येते. माझ्या शेजारच्या वहिनींच्या गाडीचे हेच झाले. दुसऱ्या वेळी सर्व्हेअर यायला तयार नव्हता आणि वर्कशॉप म्हणत होते की आम्ही मंजूर झालेलेच काम केले.

पहिले एस्टिमेट वरवरच्या तपासणीवरून केलेले असते, हेही बहुतेकांना ठाऊक नसते. समोरून धडक बसली असेल, तर बंपर आणि ग्रिल उतरवल्यावरच कळते की रेडिएटरचा सपोर्ट वाकला आहे की नाही, एसीचा कंडेन्सर फुटला आहे की नाही, एप्रनला (बॉनेटखालच्या बाजूच्या पत्र्याला) सुरकुती पडली आहे की नाही. असे आतले नुकसान निघाले की वर्कशॉपने पूरक एस्टिमेट द्यायचे असते आणि सर्व्हेअरला पुन्हा बोलावून किंवा फोटो पाठवून त्याची मंजुरी घ्यायची असते. ती मंजुरी येण्याआधीच काम उरकले गेले, तर तेवढा खर्च मालकाच्या बिलात येण्याची शक्यता असते. म्हणून गाडी उघडल्यावर एकदा स्वतः जाऊन पाहावे, आपल्या फोनमध्ये फोटो काढून ठेवावेत आणि ‘पूरक एस्टिमेट गेले का, मंजूर झाले का’ हे ॲडव्हायझरला विचारून घ्यावे. बाहेरचा पत्रा डेंटिंगने नीट निघत असेल तर हरकत नसावी. पण चॅसिसचा सांगाडा, क्रॉस मेंबर, एअरबॅग आणि सस्पेन्शन हे प्रवाशांच्या जिवाशी निगडित भाग आहेत, तिथे मालकाने हट्ट धरलाच पाहिजे आणि लेखी धरला पाहिजे.

आता पैशांकडे येतो, कारण खरी भांडणे तिथे होतात. सर्वसमावेशक पॉलिसी म्हणजे संपूर्ण बिल कंपनी देणार, ही समजूत फार खोलवर रुजली आहे. साध्या पॉलिसीत बदललेल्या भागांवर घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, कापला जातो आणि त्याचा तक्ता बहुतेक पॉलिसींत जुन्या मोटार टॅरिफप्रमाणेच (वाहन विम्याच्या दर-नियमावलीप्रमाणेच) आहे. रबर, नायलॉन, प्लॅस्टिकचे भाग, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर 50 टक्के, फायबरच्या भागांवर 30 टक्के, काचेवर काहीही नाही. धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, म्हणजे पहिल्या 6 महिन्यांत शून्य, एका वर्षापर्यंत 5 टक्के, पुढे वर्षागणिक 10, 15, 25, 35, पाच वर्षांनंतर 40 आणि दहा वर्षांनंतर 50 टक्के. रंगकामाच्या एकत्रित बिलात 25 टक्के रक्कम रंगाच्या साहित्याची धरून त्यातली अर्धी कापली जाते. मजुरीवर घसारा नाही.

हे एका उदाहरणाने पाहा. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत आणि कर बाजूला ठेवला आहे. साडेचार वर्षे वयाच्या लहान गाडीचा बंपर 6,000 रुपये, बॉनेट 9,000, पुढची काच 7,000, रंगकाम 12,000 आणि मजुरी 5,000 असे एकूण 39,000 रुपयांचे बिल झाले. बंपरचे 3,000 मिळतील, बॉनेटचे 35 टक्के कापून 5,850, काचेचे पूर्ण 7,000, रंगकामाचे 10,500 आणि मजुरीचे पूर्ण 5,000, म्हणजे 31,350 रुपये. त्यातून 1,500 सीसीपर्यंतच्या खाजगी गाडीला लागू असलेली 1,000 रुपयांची अनिवार्य वजावट (प्रत्येक क्लेममध्ये मालकाने स्वतः सोसायची रक्कम) गेली की कंपनी 30,350 देणार आणि उरलेले 8,650 रुपये, तसेच काही वेळा बदललेल्या भागांच्या भंगाराची किंमत, मालकाने भरायची. हा हिशेब कामाला सुरुवात होण्याआधीच कागदावर मांडता येतो. तो गाडी ताब्यात घेताना काउंटरवर पहिल्यांदा ऐकायला मिळावा, याला मी अन्याय समजतो.

झिरो डेपचे कव्हर घेतले असेल तर घसाऱ्याची कपात टळते, पण अनिवार्य वजावट टळत नाही. अनेक कंपन्या वर्षाला ठरावीक क्लेमपुरतेच ते कव्हर देतात. इंजिन ऑइल, कूलंट, एसीचा गॅस, नट-बोल्ट यांचा खर्च वेगळे कन्झ्युमेबल्स कव्हर नसेल तर मिळत नाही. पाणी शिरून इंजिन बिघडले तर त्यालाही वेगळे कव्हर लागते, आणि पावसाळ्यात इंदूरच्या सखल रस्त्यांवर किती पाणी साचते ते आपण दरवर्षी पाहतोच.

छोट्या नुकसानीचा क्लेम करावा की करू नये, याचा निर्णयही हिशेब करूनच घ्यावा. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, 20 टक्क्यांपासून सुरू होतो आणि 25, 35, 45 करत 50 टक्क्यांवर थांबतो. तो फक्त ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर मिळतो, थर्ड पार्टीच्या (दुसऱ्याच्या नुकसानीच्या) नाही. 50 टक्क्यांवर असलेल्या माणसाने एक क्लेम केला की बोनस शून्यावर येतो आणि पुन्हा 50 वर चढेपर्यंत पाच नूतनीकरणांत मिळून एका वर्षाच्या ओन डॅमेज प्रीमियमच्या सव्वापट रक्कम हातची जाते. प्रीमियम दरवर्षी तेवढाच राहिला असे धरले, तर 8,000 रुपयांच्या प्रीमियमवर हे 10,000 रुपये होतात. मग घसारा आणि वजावट जाऊन हातात 4,000 रुपये पडणारा बंपरचा क्लेम कोणी का करावा? तरीही वर्कशॉपमध्ये ‘करून टाका ना सर, इन्शुरन्स आहे’ असा सल्ला दिला जातो, आणि लोक तो मानतात.

दुसरा सल्ला याहून वाईट असतो: ‘मागच्या दाराचे जुने ओरखडे यातच घालून देऊ.’ याला माझा पूर्ण विरोध आहे. पुढून बसलेल्या धडकेत मागच्या दारावर गंजलेला ओरखडा कसा आला, हे अनुभवी सर्व्हेअरला क्षणात कळते, आणि एकदा शंका आली की तो खऱ्या नुकसानीकडेही त्याच नजरेने पाहू लागतो. क्लेम फॉर्मचीही तीच गोष्ट आहे. ‘अपघात कसा झाला’ या रकान्यातली हकीकत ॲडव्हायझर आपल्या ठराविक भाषेत भरून टाकतो आणि मालक कोऱ्या फॉर्मवर सही करून मोकळा होतो. गाडी मुलगा चालवत होता आणि फॉर्मवर वडिलांचे नाव लागले, एवढ्यावरून धडधडीत खरा क्लेम फेटाळलेला मी पाहिला आहे. मुलाकडे वैध लायसन्स होते. खरे लिहिले असते तर काहीच अडचण आली नसती. हकीकत स्वतःच्या हाताने लिहावी, हिंदीत लिहिली तरी चालते.

अपघाताच्या जागी पाळायच्या दोन गोष्टी सांगतो. भंवरकुआँसारख्या चौकात गाड्या घासल्या की चार माणसे जमतात आणि ‘दोन हजार घ्या, मिटवा’ असा समझौता करू पाहतात. पॉलिसीची अट अशी असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करू नये, पैसे देण्याचे वचन देऊ नये. चिठ्ठीवर सही देऊन बसलेला माणूस नंतर क्लेम करायला गेला की ती चिठ्ठी आडवी येते. दुसरे म्हणजे, खालून कूलंट किंवा ऑइल गळत असताना गाडी ‘हळूहळू घरापर्यंत’ नेऊ नये. तशा अवस्थेत चालवून इंजिन जाम झाले, तर ते वाढीव नुकसान मालकाच्या माथी येते. क्रेन बोलवावी, ओढून नेण्याचा खर्च पॉलिसीत मर्यादेपर्यंत मिळतो. कोणी जखमी झाले असेल, तर आधी दवाखाना आणि पोलिसांना खबर, क्लेमचे सगळे त्यानंतर.

2024 च्या विमा नियामकाच्या परिपत्रकाप्रमाणे क्लेम कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमला गेला पाहिजे, त्याने 15 दिवसांत अहवाल दिला पाहिजे आणि अहवाल मिळाल्यावर 7 दिवसांत कंपनीने निर्णय कळवला पाहिजे. या मुदती ठाऊक असलेला मालक फोनवर वेगळ्या तऱ्हेने बोलतो. मोटारीचे नुकसान 50,000 रुपयांच्या वर असेल तर परवानाधारक सर्व्हेअर लागतोच. त्याच्या अहवालाची प्रत आपल्याला मागता येते आणि मी तर म्हणेन की ती प्रत्येकाने मागावी. अहवाल महत्त्वाचा असला तरी तो शेवटचा शब्द नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये एका ट्रकच्या अपघाताच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर जात असेल तर गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण निकामी, धरली जाते. अशा सीमारेषेवरच्या गाडीचे एस्टिमेट मुद्दाम वाढवले किंवा घटवले जात नाही ना, हे पाहण्यासाठी तर अहवाल हातात असायलाच हवा.

मूल्यांकन पटले नाही तर ॲडव्हायझरशी वाद घालण्यात अर्थ नाही. कोणत्या ओळीवर हरकत आहे, ती का आहे आणि तिचा फोटो कोणता, हे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने कळवावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर मध्य प्रदेश आणि छत्तीसगडसाठीचे विमा लोकपालांचे कार्यालय भोपाळला आहे. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि 50 लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी ऐकल्या जातात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे, एवढे भान ठेवावे.

विमा कंपन्यांकडे माझी एकच मागणी आहे. सर्व्हेअरचा ओळीओळीचा मूल्यांकन तक्ता, ज्यात मंजूर रक्कम, घसारा आणि मालकाचा वाटा स्वतंत्र रकान्यांत दिसतील, तो काम सुरू होण्याआधी मालकाच्या फोनवर हिंदीत आला पाहिजे आणि त्याच्या होकाराशिवाय स्पॅनर लागता कामा नये. वर्कशॉपला तो तक्ता मिळतोच. गाडी ज्याच्या नावावर आहे आणि प्रीमियम जो भरतो, त्याला तो न मिळण्याचे कोणतेही सयुक्तिक कारण मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलेले नाही. तोवर सर्व्हेअर कधी येणार हे वर्कशॉपला विचारून घ्या, अर्ध्या दिवसाची रजा टाका आणि गाडीजवळ उभे राहा.