वाघाटीचंही बघा की
मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानातल्या चित्त्यांवरचा तुमचा लेख आवडला. २०२२ मध्ये नामिबियातून ८ आणले, पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतून १२, सगळं खरं. पण आपल्याच पुणे जिल्ह्यात, आमच्या जुन्नरकडे, ऊसतोडीत वाघाटीची पिल्लं सापडतात, त्यांच्यावर कोण लिहिणार? जगातल्या सगळ्यात लहान रानमांजरांपैकी ही, वाढून वाढून दीडेक किलोची. लोक बिबट्याचा बछडा समजून फोटोसाठी हातोहाती फिरवतात (वैताग नुसता). गेल्या हंगामात मामाच्या फडात दोन सापडली, डोळेही धड उघडले नव्हते. वनखात्याच्या माणसांनी संध्याकाळी क्रेटमध्ये घालून त्याच सरीत ठेवली आणि आम्हाला बांधावरून हाकललं. पहाटे क्रेट रिकामा. मामी म्हणाली, "नेली गं बाई आईनं."