माणिकबाग : खुर्च्या सोडा, खिडक्या बघा

इंदूरच्या मंडळींमध्ये जुना वाद पुन्हा पेटलाय. माणिकबाग या होळकरांच्या राजवाड्यातलं परदेशी गेलेलं सामान सरकारनं परत आणावं, असं एका पक्षाचं म्हणणं. दुसरा पक्ष म्हणतो, तिथं बसलेल्या सीजीएसटीवाल्यांना, म्हणजे केंद्राच्या कर खात्याला, हलवा आणि हेरिटेज हॉटेल काढा. बर्लिनमध्ये हे वाचताना डोकं फिरतं, कारण घराबद्दल कुणीच बोलत नाही.

मुळात ते सामान कुणी लुटलेलं नाही. यशवंतराव होळकर (दुसरे) ऑक्सफर्डला असताना एकार्ट मुथेझियस या बर्लिनच्या तरुण वास्तुकाराशी त्यांची ओळख झाली आणि १९३० ते १९३३ मध्ये माणिकबाग घडली. रूलमानचं टेबल, आयलीन ग्रेची खुर्ची, दा सिल्वा ब्रून्सचे गालिचे, सगळं पॅरिसचं, रोख देऊन घेतलेलं. १९८० मध्ये मोनॅकोला सदबीजच्या जाहीर लिलावात त्यातलं बरंच विकलं गेलं. शिल्पकार ब्रांकुशीच्या पक्षी-शिल्पांपैकी संगमरवरी दोन १९७३ मध्ये कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनानं विकत घेतले, ब्राँझचा अमेरिकेत पॅसाडेनात आहे. कोहिनूरच्या पंगतीत यांचं पान कशाला मांडायचं?

राहणाऱ्यांचा हिशेबही छोटाच. बावला खून प्रकरणानंतर १९२६ मध्ये यशवंतरावांचे वडील तुकोजीराव यांनी गादी सोडली, मुलगा वयात आल्यावर हे घर उभं राहिलं. १९३७ मध्ये यशवंतरावांच्या पत्नी संयोगिताबाई गेल्या. यशवंतरावांना बांधायच्या असलेल्या ध्यानमंदिरासाठी ब्रांकुशी इंदूरला येऊन गेला. मंदिर झालंच नाही. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं, १९६१ मध्ये यशवंतरावही गेले. पुढे सरकारी फायलींनी बिऱ्हाड केलं.

त्या फायलींना नाकं मुरडणाऱ्यांनी बर्लिनमधल्या वानझेचा लीबरमन व्हिला आठवावा. ज्यू चित्रकार माक्स लीबरमनचं उन्हाळी घर. तो १९३५ मध्ये वारला, १९४० मध्ये नाझी राजवटीनं त्याच्या विधवेला ते राइशपोस्टला, म्हणजे सरकारी टपाल खात्याला, विकायला लावलं, आणि १९४३ मध्ये छळछावणीत नेण्याआधी तिनं जीव दिला. मग तिथं इस्पितळ, मग पाण्याखाली डायव्हिंग करणाऱ्यांचा क्लब, आणि २००६ मध्ये संग्रहालय. इतकी वर्षं घर कुणी टिकवलं? याच कंटाळवाण्या भाडेकरूंनी. रोज उघडणारं घर गळायला लागलं की लगेच कळतं. हॉटेलवाला मात्र पहिल्या वर्षी न्हाणीघरं फोडतो.

खरी काळजी पोलादी खिडक्यांची. अशा घरांची ओळख त्या बारीक चौकटींत असते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, तो चौकटीत फुगतो आणि काच कोपऱ्यातून तडकते. मग कंत्राटदार सांगतो, ॲल्युमिनियमचं स्लायडिंग बसवा. जाड पट्ट्या आल्या की दर्शनी भिंतीचा चेहराच बदलतो. बरोबर क्रम असा: काचेभोवतीची जुनी लांबी (पुट्टी) काढा, गंज धातूपर्यंत घासा, त्याच दिवशी झिंक प्रायमर, मग धातूच्या खिडक्यांसाठीची खास लांबी, लाकडाला लावतात ती जवसाच्या तेलाची नव्हे. तिला वरून साय धरायला आठवडा-दोन आठवडे द्या. घाई केली तर रंगाला सुरकुत्या पडतात. खालच्या पट्टीतली पाणी जायची भोकं रंगानं बुजवू नका, बहुतेक गंज तिथूनच सुरू होतो. सपाट गच्ची असेल तिथं तिचे पावसाचं पाणी उतरवणारे नळ मृगाच्या आधी मोकळे करा. गळती लागली की चायना मोझॅकवर पुन्हा चायना मोझॅक चढवतात, त्यानं वजन वाढतं, भेग तशीच राहते. स्प्लिट एसीचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा, युनिट गच्चीवर ठेवा. दर्शनी भिंतीवर पाण्याचे ओघळ नकोत.

इथं बर्लिनमध्ये डेंकमालामटला, म्हणजे वारसा-वास्तूंच्या खात्याला, विचारल्याशिवाय संरक्षित घराच्या दाराची मूठ बदलता येत नाही. हे वैतागवाणं आहे, खिडकीच्या एका परवानगीला महिनोन्महिने लागतात, आणि तरीही इंदूरच्या मंडळींपुढे मी ते मिरवतो. 'तुम्ही तिकडचे, तुम्हाला काय' हे उत्तर ठरलेलं. खरंय, मतदारयादीत मी तिथं नाही, इथंही नाही. बर्लिनच्या निकोलासझे भागात एकार्ट मुथेझियसच्या बापानं, तोही वास्तुकारच, बांधलेलं घर माझ्या रोजच्या वाटेवर येतं आणि बापाच्या घरापेक्षा लेकाचं इंदूरचं घरच जास्त आठवतं. हक्क म्हणून सांगण्यासारखं यापलीकडे माझ्याकडे काही नाही.

तरी एक मागणी रेटता येईल. पुढच्या रंगकामाची निविदा निघेल तेव्हा त्यात 'मूळ पोलादी खिडक्या दुरुस्त कराव्यात, बदलू नयेत' एवढी अट घालायला लावा, आणि काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक खिडकीचा क्रमांक टाकून फोटो काढा. कॅनबेराला पत्रं लिहिण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.