लिपी नाही म्हणून भाषा नाही?

सध्या शिक्षकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: ‘भटक्यांच्या, आदिवासींच्या बोली मरणारच, तो निसर्गनियम. त्यांना लिपी नाही, म्हणजे त्या भाषाच नव्हेत. घरची बोली सोडली तरच पोरं शिकतात. हौस असेल तर रेकॉर्डिंग करून ठेवा.’ मी सातारा जिल्ह्यात पहिलीला शिकवते. वर्गात वडार आणि कैकाडी वस्तीवरची मुलं आहेत, त्यामुळे गप्प बसवत नाही.

लिपीचा मुद्दा आधी, तो लगेच मिटतो. मराठी कितीतरी शतकं मोडीत लिहिली गेली, आज देवनागरीत लिहितो. मराठी तीच राहिली ना? संथाळीसाठी रघुनाथ मुर्मूंनी ओल चिकी लिपी १९२५ च्या सुमारास तयार केली. त्याआधी संथाळ काय मुके होते? आणि बोली म्हणजे मोडकी मराठी, असंही कुणी समजू नये. वडारी तेलुगूच्या नात्यातली आहे, कैकाडी तमिळच्या.

निसर्गनियमाचं म्हणाल, तर इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला आणि कैकाड्यांच्या कपाळी जन्मजात गुन्हेगार असा शिक्का बसला. १९५२ मध्ये तो पुसला, धास्ती मात्र उरली. आजही बाजारात आई पोराला दटावते, “हितं मराठीत बोल.” १९७१ पासून तर दहा हजारांहून कमी लोक बोलतात ती भाषा जनगणनेच्या यादीत वेगळी दाखवतही नाहीत. हे सगळं माणसांनीच केलंय.

शिकण्याचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. वडाराची एक मुलगी जूनपासून दिवाळीपर्यंत वर्गात तोंडच उघडत नव्हती. ‘मंद आहे’ असं मीही मनात धरलं होतं, त्याचं अजून वाईट वाटतं. एक दिवस तिची आजी शाळेतल्या पाट्याला टाकी लावायला आली. पोरगी धावत गेली, छन्नी-हातोडी आजीच्या हातात देत एकेकीचं नाव वडारीत सांगू लागली. मी फळ्यावर दोन रकाने आखले: एकात तिचा शब्द देवनागरीत, शेजारी मराठी. सगळा वर्ग दोन्ही शब्द मोठ्याने म्हणू लागला. संक्रांतीपर्यंत ती मराठी धडा वाचायला लागली. सांगलीच्या जत तालुक्यात तर कन्नड माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळा आहेत. तिथली पोरं घरी कन्नड आणि बाजारात मराठी सहज बोलतात. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी, हे १९५६ च्या घटनादुरुस्तीने घटनेतच आलंय.

राहिलं रेकॉर्डिंग. अंदमानातली बो भाषा बोलणाऱ्या शेवटच्या बोआ सीनियर २०१० च्या जानेवारीत वारल्या. त्यांचा आवाज जपलेला आहे, पण त्याला बोमधून ओ द्यायला कुणी नाही. न्यूझीलंडमध्ये तिथल्या मूळ रहिवासी माओरींनी १९८२ मध्ये ‘कोहांगा रेओ’ बालवाड्या सुरू केल्या, जिथे म्हातारी माणसं लहानग्यांशी माओरीतच बोलतात. पाच वर्षांत माओरी तिथली अधिकृत भाषा झाली.

आमच्याकडे ती आजी आता दर शनिवारी तासभर वर्गात येऊन बसते. गेल्या शनिवारी दगडांची नावं झाली. पोरांनी ती वहीत उतरवून घेतली.