कुंपण नसलेले रान आणि अर्धवट वाचलेला कायदा

‘गाडी फोर बाय फोर, रान मोकळे : जाणून घ्या आपले हक्क’ अशा मथळ्याचा एक संदेश पाऊस तोंडावर आला की व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. यंदा तो माझ्या भाच्याने आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, ‘मामा, बघा, परवानगी लागतच नाही.’ त्याने नुकतीच उंच चाकांची गाडी घेतली आहे आणि मित्रांना घेऊन बालाघाटाच्या माळावर ती चिखलात घालण्याचा त्याचा बेत आहे. ज्याच्या आजोबांचे आयुष्य बांधावर गेले, त्या मुलाने हे खरे मानावे याचा मला राग आला, आणि तो राग या लिखाणात दिसला तर वाचकांनी तो समजून घ्यावा.

संदेशातील दावे थोडक्यात असे आहेत. जिथे कुंपण किंवा पाटी नाही ती जागा सर्वांना खुली असते. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ लिहिले असेल तर ती जमीन सरकारी असते. पीक उभे नसेल तर गाडी घातल्याने काही नुकसान होत नाही. शेतकऱ्याने गाडी अडवली तर त्याच्यावरच कलम १२६ लावता येते. आणि मोकळ्या रानात रस्त्यापेक्षा धोका कमी असतो, शिवाय काही झालेच तर विमा आहे.

यातला कलम १२६ चा दावा सर्वांत घातक आहे, म्हणून आधी तोच घेतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलम गैरनिरोधाचे, म्हणजे एखाद्याला बेकायदा अडवण्याचे आहे, इतके संदेशकर्त्याने बरोबर लिहिले आहे. मात्र त्याने कलम अर्धेच वाचले आहे. एखाद्याला ज्या दिशेने जाण्याचा हक्क आहे त्या दिशेने जाण्यापासून अडवले, तरच हा गुन्हा होतो. दुसऱ्याच्या वावरातून गाडी नेण्याचा हक्कच नसेल, तर अडवण्याचा गुन्हा घडणार कुठून? याच कलमाला जोडलेल्या अपवादात असेही सांगितले आहे की, जमिनीवरची किंवा पाण्यावरची खासगी वाट अडवण्याचा आपल्याला कायदेशीर हक्क आहे असे जो सद्भावनेने मानतो, त्याने ती अडवली तर तो गुन्हा ठरत नाही. म्हणजे ज्या कलमाचा धाक शेतकऱ्याला दाखवायचा, तेच कलम शेतकऱ्याच्या बाजूने उभे आहे. प्रत्यक्षात मात्र होते असे की, चार तरुण मोबाइलचा कॅमेरा चालू करून साठीच्या माणसाला कलमाचा आकडा सुनावतात, आणि पोलीस ठाण्याची पायरी कधी न चढलेला तो माणूस स्वतःच्या बांधावरून मुकाट्याने बाजूला होतो. हा संदेश लिहिणाऱ्याला नेमके हेच हवे आहे, असे माझे मत आहे.

कुंपणाबद्दल एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते. केवळ दुसऱ्याच्या जमिनीत पाऊल ठेवल्याने फौजदारी गुन्हा होत नाही. त्याच संहितेच्या कलम ३२९ नुसार फौजदारी अतिक्रमण ठरण्यासाठी गुन्हा करण्याचा, किंवा जमीन ज्याच्या ताब्यात आहे त्याला धाक दाखवण्याचा, त्याचा अपमान करण्याचा वा त्याला त्रास देण्याचा उद्देश असावा लागतो. वाट चुकून कोणी रानात शिरला आणि मालकाने सांगताच माघारी फिरला, तर त्याला कोणी तुरुंगात टाकणार नाही. पण ‘निघा’ म्हटल्यावरही जो गाडी गोल गोल फिरवत राहतो, त्याचा उद्देश शोधायला फार लांब जावे लागत नाही, आणि त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा याहून वेगळा असून त्याला कुंपणाची अट नाही. आपल्याकडे सात-आठ एकरांना तारेचे कुंपण घालण्याइतका पैसा किती जणांकडे असतो? बांध हीच मराठवाड्यातली हद्द आहे. रानात कोणी दिसत नाही, यावरूनही काही सिद्ध होत नाही. बीड आणि धाराशिवच्या कित्येक गावांतली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावरच परत येतात, आणि तेवढ्या काळात त्यांची जमीन बेवारस होत नाही.

आता ‘पीक नाही, मग नुकसान कसले’ या दाव्याकडे वळू. सोयाबीन पेरल्यानंतरचे पहिले चार दिवस ते रान आणि रिकामे रान यांत रस्त्यावरून पाहणाऱ्याला काहीच फरक दिसत नाही. एकरी तीस किलोच्या आसपास बियाणे तीन-चार सेंटिमीटर खोलीवर पडलेले असते. त्यावरून दोन टनांची गाडी गेली की माती दबते, वर पापुद्रा धरतो, कोंब वाकून आतच कुजतो, आणि चाकोरीच्या दोन पट्ट्या हंगामभर रिकाम्या राहतात. शेजारी ठिबक असेल तर चाकाखाली नळी चेपते, जोडाचा तुकडा निसटतो आणि पुढच्या ओळींना पाणी पोचत नाही. हे लक्षात येते ते दोन दिवसांनी, झाडे माना टाकू लागल्यावर. शेतीच्या पाण्याचा पुरवठा कमी होईल असे नुकसान जाणूनबुजून करणे हा याच संहितेच्या कलम ३२६ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. इतर आगळिकीने, म्हणजे जाणूनबुजून केलेल्या नासधुशीने, वीस हजार रुपये किंवा त्याहून अधिक, पण लाखाच्या आतले नुकसान केले, तर कलम ३२४ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. संदेशात या दोन्ही कलमांचा उल्लेख नाही.

पेरणी झालेली नसली तरी जमीन मोकळी सुटत नाही. आपली काळी माती बेसाल्टापासून बनलेली आहे आणि तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते व उन्हाने आकसते. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात त्या याच गुणामुळे. अशा मातीला वाफसा येईपर्यंत, म्हणजे ओल मशागतीजोगी कमी होईपर्यंत, शेतकरी औतही घालत नाही, कारण ओली असताना तुडवलेली काळी जमीन आतून घट्ट होते, मुळांना खाली जाऊ देत नाही आणि पावसाचे पाणी वरच्या वर वाहून नेते. ओल्या रानात गाडी घालणाऱ्या हौशी माणसाला मात्र नेमका हाच चिखल हवा असतो. त्यात गाडी पाट्यापर्यंत रुतली की ती काढायला पुन्हा त्याच शेतकऱ्याचा ट्रॅक्टर मागायचा, तोही बहुधा फुकट.

माळाची जमीन मुरमाड असते, तिला काय होणार, असाही युक्तिवाद ऐकला आहे. माळाच्या उतारावर पाणलोटाच्या कामात खोदलेले समतल चर, म्हणजे पाणी अडवून मुरवण्यासाठी उताराला आडवे खणलेले लांब खड्डे, असतात. चराच्या भरावावरून एकदा वाट पडली की पहिल्या मोठ्या पावसात पाणी तिथूनच फुटते आणि खालच्या शेताचा बांध घेऊन जाते.

‘मोकळ्या रानात धोका कमी’ हे वाक्य ज्याने लिहिले, त्याने मराठवाड्याचे रान गवत वाढल्यावर कधी पाहिलेले नसावे. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात, शेतकामाला निघालेल्या महिलांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर विहिरीत कोसळला आणि सात महिला मृत्युमुखी पडल्या. त्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या होत्या. वाहन रानात चालण्यासाठीच बनवलेले, कारण रोजच्या कामाचे, तरीही असे घडले. आपल्याकडच्या जुन्या विहिरींपैकी कितीतरी जमिनीच्या पातळीला उघड्या आहेत. त्यांना कठडा नाही, काठावर टणटणी आणि गवत माजलेले असते, आणि पावसाने काठाची माती भुसभुशीत झाली की विहिरीपासून दोन हात लांब उभ्या गाडीखालचीही जमीन खचू शकते. रात्री दिव्यांच्या उजेडात तर समोरचे गवत तेवढे दिसते, त्यामागची पोकळी दिसत नाही. शेततळ्याचे भय वेगळेच आहे. त्याच्या उतारावर प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, ओल्या कागदावर पाय ठरत नाही, आणि पोहता येणारा माणूसही दोराशिवाय वर येऊ शकत नाही. याशिवाय रानडुकरांसाठी ओढलेल्या तारा असतात. त्यांत झटका मशीनचा, म्हणजे जनावर हुसकावण्यापुरता झटका देणाऱ्या यंत्राचा, प्रवाह आहे की कोणी बेकायदा थेट वीज सोडली आहे, हे परक्या माणसाला हात लागल्यावरच कळणार. अशा ठिकाणी अपघात झाला तर १०८ ला फोन लावून सांगायचे तरी काय? गट क्रमांक माहीत नाही, वाट माहीत नाही, आणि रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापाशीच थांबलेली.

पोटखराब्याचा दावा एका परिच्छेदात संपतो. पोटखराबा म्हणजे त्याच खातेदाराच्या क्षेत्रातला लागवडीला अयोग्य भाग. त्यातला वर्ग ‘अ’ खडक, खळे, शेतातली इमारत अशा कारणांनी लागवडीबाहेर राहिलेला असतो आणि तो खातेदाराचाच असतो. वर्ग ‘ब’ रस्ता, नाला अशा सार्वजनिक कारणासाठी राखलेला असतो, एवढेच त्या दाव्यातले सत्य आहे. तिथेही हक्क त्या रस्त्यापुरता असतो, आजूबाजूच्या माळावर उड्या मारण्यापुरता नसतो. गायरान सरकारचे असले तरी ते गावच्या जनावरांसाठी राखलेले असते, आणि राखीव वनात किंवा गौताळ्यासारख्या अभयारण्यात परवानगीवाचून शिरले तर वनकायदे लागू होतात.

विम्याचे म्हणाल, तर आपली पॉलिसी एकदा वाचावी. शर्यत किंवा वेगाची चाचणी करताना झालेले नुकसान तिच्यातून वगळलेले असते, यांत्रिक बिघाडही वगळलेला असतो, आणि इंजिनात पाणी शिरल्याचा खर्च वेगळे संरक्षण घेतलेले नसेल तर बहुधा खिशातूनच भरावा लागतो. मोडलेल्या बांधाची आणि चेपलेल्या नळ्यांची भरपाई विमा कंपनी देईल, असे समजून तर कोणी निघूच नये.

परवानगी मिळवणे अवघड आहे, हा संदेशात न लिहिलेला पण सगळ्या ओळींमागे असलेला समज आहे. महाभूनकाशा या सरकारी ऑनलाइन नकाशावर गट क्रमांक दिसतो, सातबाऱ्यावर खातेदाराचे नाव असते, आणि तेही जमले नाही तर गावच्या पारावर विचारले की दहा मिनिटांत मालक सापडतो. सातबाऱ्यावर तीन भावांची नावे असतील तर तिघांना विचारावे, कारण एकाने दिलेला होकार दुसऱ्याशी भांडणाचे निमित्त होतो. तारीख, गाड्यांची संख्या आणि नुकसान झाल्यास भरपाई कोण देणार, एवढे कागदावर लिहून सही घ्यावी, आणि गाडी सुरू करण्याआधी मालकाबरोबर पायी एक फेरी मारावी. विहीर, पाइपलाइन आणि चर कुठे आहेत हे तोच दाखवील. त्याने ‘आत्ता नको, तूर निघाल्यावर या’ असे सांगितले, तर तूर निघाल्यावर जावे.