‘राजकारणाने गाव तोडलं’ म्हणे! नाना, जरा थांबा

तो एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, भावकीच्या ग्रुपवर, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर, आणि आमच्या नानांनी तर दोनदा टाकला. म्हणणं थोडक्यात असं: पूर्वी गाव एक कुटुंब होतं, निवडणुका आल्या आणि जात आली, तेव्हा शाळा, सोसायटी, बँक सगळीकडून राजकारण हाकला आणि खर्च वाचवायला सरपंच बिनविरोध करा. खाली हात जोडलेले इमोजी. नाना, तुमचा मान आहेच, पण हाई खरं नही शे.

पहिलं ते “एक कुटुंब”. कोणाचं कुटुंब भो? पाटीलकी बापाकडून पोराकडे जायची, त्याला मत बित काही लागत नव्हतं, ती वंशपरंपरा कायद्याने गेली १९६२ मध्ये. महार वतन गेलं १९५८ च्या कायद्याने, तोवर जमिनीच्या तुकड्यापायी मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी माणसाच्या पुढे पळायचं, गावाची पडेल ती कामं करायची, पाणी मात्र वेगळ्या विहिरीचं. हे राजकारणच होतं की, फक्त निकाल आधीच लागलेला होता म्हणून प्रचाराचा आवाज येत नव्हता. आणि हे मोडलं कोणी, तर विधानसभेत निवडून गेलेल्यांनी.

दुसरं, “जात पुढाऱ्यांनी आणली.” वापरली म्हणा, शंभर टक्के मान्य. तिकीट कोणाला द्यायचं हे गुजर किती, लेवा किती, मराठा किती, भिल-पावरा किती हे मोजूनच ठरतं, आपल्या खान्देशातलं शेंबडं पोरगंही सांगेल. पण आणली? नंदुरबारकडच्या शहाद्याकडे बघा. सत्तरच्या दशकात तिकडच्या भिलांच्या जमिनी भलत्यांच्याच नावावर होत्या, मजूर सालदारकीत, म्हणजे वर्षभराच्या बांधील चाकरीत अडकलेले, आणि भिलांचे नेते अंबरसिंग सुरतवंती, श्रमिक संघटना ही मंडळी उभी राहिली तेव्हा जमीन, मजुरी हे विषय पहिल्यांदा चावडीवर मोठ्याने बोलले गेले, बायांनी दारूचे अड्डे फोडले. तेव्हाही मोठ्या शेतकऱ्यांची तक्रार हीच असणार की चांगलं चाललेलं गाव बिघडवलं. ज्याचं चांगलं चाललेलं असतं त्याला हे असंच दिसतं, त्यात नवल नाही.

तिसरा मुद्दा बिनविरोधचा, यावर जरा सविस्तर बोलू कारण हा ऐकायला फार गोड आहे. आमच्या तालुक्यातल्या एका गावात झालेली बिनविरोध बैठक सांगतो. मारुतीच्या पारावर सतरंजी, पाच-सहा मोठे लोक टेकून बसलेले, यादी एकाच्या खिशातून लिहूनच आलेली, भिलाटीतले (भिलांच्या वस्तीतले) दोघे-तिघे चपला काढतात तिथे उभे, राखीव जागेवर एकाच्या सूनबाईंचं नाव आणि सूनबाई स्वतः घरी भाकरी टाकत होत्या. कोणी विचारलं “हरकत आहे का?” आणि कोणी बोललं नाही, झालं एकमत! उद्या त्याच भिलाटीतल्या माणसाला ज्याच्या शेतात कामाला जायचंय त्याच्यासमोर तो हरकत घेईल का? बंद खोक्यात मत टाकायची सोय याच्यासाठीच तर आहे, नाना. आणि याच्या पुढची पायरीही आपल्याच भागात बघितली की, जानेवारी २०२१ मध्ये नंदुरबार तालुक्यातल्या खोंडामळीची आणि नाशिककडच्या उमराण्याची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने रद्दच केली, कारण पदांचा चक्क लिलाव झाला होता. बोली लाखांनी, नाव देवाच्या कामाचं. खर्च वाचवा म्हणताय, तो असा वाचतो.

बरं, बिनविरोध सगळेच वाईट असंही नाही, गाव लहान असेल, माणूस खरंच सगळ्यांना चालणारा असेल तर होऊ द्या. फक्त फॉर्म भरायला कोणाला अडवलं नाही ना, एवढं बघा.

चौथं, “संस्थांमधून राजकारण हाकला.” सोसायटीचं कर्ज कोणाला लवकर मिळतं, दूध संघात कोणाचा भाचा चिकटतो, शाळेत शिक्षक कसा लागतो, हे आपण सगळे जाणतो, तिथे माझाही संताप होतो. पण संस्था आल्या कुठून? नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, त्याआधी सातपुड्यातल्या धडगावच्या माणसाला कलेक्टर कचेरीचं काम पडलं की घाट उतरून पार धुळ्याला. जळगावचं विद्यापीठ १९९० चं, तोवर आपल्या पोरांच्या डिग्रीचं सगळं पुण्याला. सातपुड्यातल्या अनुसूचित क्षेत्रात सरपंच आदिवासीच असतो तो १९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीच्या कायद्याने. यातलं एकही फक्त हात जोडून मिळालेलं नाही, कोणीतरी मागणी लावून धरली आणि कोणीतरी सभागृहात बोट वर केलं. दूध संघात घोळ आहे तर ऑडिट मागा, सभासदांची मीटिंग चहा-फरसाणावर गुंडाळू देऊ नका. राजकारण काढलं तर घोळ घालणारा तिथेच बसेल, विचारणारा तेवढा बाहेर जाईल.

आणि हो, मेसेजमध्ये शेवटी “खान्देशी माणूस मुळात साधा, त्याला राजकारण बाहेरून शिकवलं” असं एक आहे. नाना, १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन झालं ते आपल्या फैजपूरला. नंदुरबारचा शिरीषकुमार १९४२ मध्ये तिरंगा घेऊन गोळी खायला उभा राहिला तेव्हा शाळकरी पोर होता. साधा म्हणा हो, पण बाहेरून शिकवलेला म्हणू नका.

आता तिसऱ्यांदा मेसेज टाकायच्या आधी एक करा, तुमच्या गावची मागची ग्रामसभा कधी झाली आणि रजिस्टरवर सह्या कितीच्या आहेत ते ग्रामसेवकाला विचारून ग्रुपवर टाका.