'चोचले' म्हणणाऱ्या दादांना

दादा, तुमची कमेंट रात्री तीनदा वाचली. उत्तर द्यावं का नाही ते ठरेना, पण 'चोचले' हा शब्द काही डोक्यातून जाईना. लेकराला न मारता वळण लावता येतं असं मी मागच्या लेखात लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणायलेत, "एकच लेकरू असणाऱ्या शहरातल्या बायकांचे हे चोचले, आम्ही मार खाल्ला, काय बिघडलं?" पटलं नाही तर नाही म्हणा ना, पण अनोळखी बाईशी असं बोलतात का? घरी येऊन समोर बसून बोलला असता का असं? आणि मला दोन लेकरं आहेत, वाढले मी सेलू तालुक्यातल्या खेड्यात, कापूस वेचून शिकले.

एक चूक मात्र मान्य. लेकरांना वाढवायच्या पद्धतीवरून पालकांचे जे चार प्रकार सांगतात, ते चारही अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बाउमरिंड यांचे असं मागच्या लेखात लिहिलं होतं, ते चुकलंच. १९६० च्या दशकात त्यांनी तीनच मांडले: धाकात ठेवणारे, मोकळं सोडणारे, आणि नियम लावून त्याचं कारणही सांगणारे. लक्षच न देणारे हा चौथा १९८३ मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी जोडला. दुरुस्त केलंय.

आता 'काय बिघडलं'. दुसरीत माझ्या हातून पाटी फुटली. वडील फोकानं मारायचे, म्हणून मी कडब्याच्या गंजीमागं अंधार पडेपर्यंत लपून बसले, माय हाका मारून मारून थकली तरी ओ दिली नाही. सापडल्यावर सांगितलं, वर्गातल्या एका पोरीनं फोडली. दुसऱ्या दिवशी वडलांनी शाळेत जाऊन त्या पोरीला सगळ्यांसमोर झापलं आणि मी खाली मान घालून उभी राहिले. वळ चार दिवसात जातात दादा, हे अजून गेलं नाही. पाटी सांभाळायला नाही, खोटं बोलायला शिकले मी, पुढं दहावीपर्यंत मार्कसुद्धा लपवत गेले. वडलांना शेवटपर्यंत कळलं नाही.

माझ्या धाकट्यानं मागच्या महिन्यात माझ्या मोबाईलची स्क्रीन फोडली आणि स्वतःच रडत आणून दाखवली. मी चिडले, ओरडलेपण, हात नाही उचलला, आठवडाभर फोन बंद केला आणि का ते सांगितलं. याला चोचले म्हणता तुम्ही?

२०१६ मध्ये गेर्शॉफ आणि ग्रोगन-केलर या संशोधकांनी ७५ अभ्यास एकत्र तपासले, दीड लाखाच्या वर लेकरांचे. फटके खाणाऱ्या लेकरांत आक्रमकपणा आणि मानसिक त्रास जास्त दिसला, फायदा काही दिसला नाही. शाळेत मारायला तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदीच आहे, मग मास्तरला जे चालत नाही ते आपल्याला का चालावं?

बाकी हे अभ्यास बहुतेक अमेरिकेतले, ऊसतोडीला जाणाऱ्या माय-बापाला समजावत बसायला वेळ कुठंय, वगैरे तुम्ही लिहिलंय. लेकरू इथून तिथून लेकरूच असतं, त्यावर मी वाद घालत नाही.

परत लिहा, जरूर लिहा, पण आधी तो शब्द मागं घ्या.